चंद्री बांधावर थांबली होती

साळूआक्का,

तुझी काठी म्हाळूनं गोठ्याच्या आढ्याला खोचून ठेवली आहे. तू गेल्यापासून मेंढरं तोच नेतो, आळेफाट्याच्या गॅरेजात सुट्टी सांगून. काल शाळेतून घरी येताना ओढ्याच्या काठी मला तुझा कळप दिसला. पुढं तुझी म्हातारी शेळी, चंद्री होती. म्हाळू मोबाइलवर कुणाला तरी दहाव्याची वेळ सांगत होता. एका हिरव्यागार वावराच्या बांधाशी येऊन चंद्री थांबली, आणि तिच्यामागं सगळ्या मेंढ्या थांबल्या. म्हाळूनं फोन कानापासून न काढता तिच्या पाठीवर थाप मारली, "चल गं म्हातारे."

मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं मी वर्गातसुद्धा कधी ओरडले नसेन.

"म्हाळू, थांब! तिला बघू दे आधी."

तो दचकला. "काय झालं बाई?"

"हे रान कुणाचं आहे? फवारा मारलाय का यावर?"

"मला काय म्हाईत? आईला म्हाईत असायचं."

आईला माहीत असायचं. आक्का, आज आठ दिवस झाले, माझ्या कानात हेच वाक्य निरनिराळ्या तोंडांनी येतं आहे. कुठल्या ओहोळातलं पाणी उन्हाळ्यात पाजू नये, कुठल्या बांधावरची घाणेरी कोकरांनी खाल्ली तर त्यांची कातडी उन्हात भाजून निघते, ज्वारी कापल्यावर खालून फुटलेला कोवळा कोंब कधी बाधतो. आईला माहीत असायचं. चंद्री मात्र वळली आणि बाभळीखाली जाऊन शेंगा खात बसली. त्या वावरावर फवारा होता की नव्हता, हे मला अजून कळलेलं नाही. पण परवाच्या दहाव्याला मी काय बोलणार, ते तिथंच ठरलं.

तुला हसू येईल. मी आणि माइकवर! आपल्याकडं दहाव्याला नदीवर निम्मा तालुका बोलतो. गेलेल्या माणसाला ज्यांनी कधी पाहिलं नाही तेही दोन शब्द बोलतात. एकदा अशाच एका दहाव्याला माझ्या शेजारी बसून तू पदराआडून म्हणाली होतीस, "बाई, ह्यो मेलेल्याबद्दल बोलतोय का सोताबद्दल?" मी हसू दाबताना रडतेय असं समजून एका बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला होता. त्या माइकसमोर मी परवा उभी राहणार आहे. त्याआधी तुला सांगायचं आहे, कारण जे सांगायचं आहे ते आधी तुझंच आहे.

तुला आठवतं, आपली पहिली भेट आमच्या वावरात झाली होती? कांदा काढून झाला होता आणि यजमानांनी खतासाठी तुझी मेंढरं रानात बसवायला बोलावली होती. माझी नोकरी नवी होती, विज्ञानाची बाई म्हणून थोडा तोराही होता. वावरात कांद्याची पात पसरलेली, मेंढ्या भुकेल्या, आणि तू त्यांना जेमतेम घटकाभर चरू देऊन बाहेर हाकलत होतीस. मी विचारलं, "का गं, एवढी पात वाया घालवतेस?"

"वाया कशी? आज घटकाभर, उद्या दोन घटका, परवा पोटभर. गाईला तर कांदा बाधतोच. मेंढीला सोसतो, पण सवयीनं. एकदम घातला तर मूत लाल व्हतं आन् जनावर बसतं."

मी घरी जाऊन पुस्तकं उघडली. त्यांत होतं ते सगळं. कांद्यातला कुठला घटक रक्ताच्या पेशी फोडतो, मेंढीच्या पोटातले जीवाणू तो हळूहळू पचवायला कसे शिकतात. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या उत्साहानं तुला सांगायला आले की मेंढीच्या पहिल्या पोटात डोळ्यांना न दिसणारे लाखो जीव राहतात, विषाचा पहिला घास तेच घेतात, आणि नव्या चाऱ्याची त्यांना सवय व्हायला वेळ लागतो. तू तंबाखू मळता मळता ऐकून घेतलंस.

"म्हंजे मेंढीच्या पोटात आनखी एक खांड हाय म्हणा की. म्या भाईरचं राखायचं, तिनं आतलं राखायचं."

त्या दिवसापासून ती 'आतली मेंढरं' झाली. मी दर वर्षी पचनसंस्थेचा धडा शिकवताना मुलांना तेच सांगते. तुझं नाव मात्र घेतलं नाही कधी. तेही राहिलंच.

मी वयानं लहान असून तुला तू म्हणायचे, आणि तू मला शेवटपर्यंत 'तुमी' म्हणालीस. शाळेतली बाई म्हणून. त्या 'तुमी'चं मला तेव्हा बरं वाटायचं. आता त्याचं ओझं वाटतं.

तुझी एक रीत होती. कुठल्याही नव्या रानात मेंढरं घालण्याआधी शेळी पुढं सोडायची. मेंढी खाली मान घालून पुढचीच्या मागं जाते, शेळी निवडून खाते. चार पानं इथली, दोन तिथली, मग दुसऱ्याच झुडपाकडं. तू बांधावर बसून तंबाखू मळायचीस, तोंडात टाकायचीस, आणि तिचा रस संपेपर्यंत शेळीकडं बघत राहायचीस. तेवढा वेळ म्हणजे तुझं माप. "एक तंबाखूभर थांबा," असं शेतमालकालाही सांगायचीस. शेळी खात राहिली तर मेंढरं आत. ती मागं फिरली तर मालकाला रामराम.

यावरून आपण किती भांडलो! मी म्हणायचे, शेळीला काही अंतर्ज्ञान नसतं. तिची लाळ बाभळीचा तुरटपणा बांधून टाकते, यकृत विष फोडतं, आणि कुठलंच एक पान ती पोटभर खात नाही म्हणून कुठलंच विष तिला पुरतं चढत नाही. करडू असताना आईच्या तोंडापाशी तोंड नेऊन ती शिकलेली असते. बाकी काही नाही. तू म्हणायचीस, "मंग मी काय येगळं म्हणती? तुमी त्याला पुस्तकात चार पानं घातली, मी म्हणती तिला कळतं."

मग तळेघरची गोष्ट घडली. तिकडच्या एका घराला तू बाजारात दोन शेळ्या विकल्या होत्यास आणि पावसाळ्यात निरोप आला की एक आजारी पडली. विकलेल्या शेळीच्या चौकशीला कुणी जातं का? तू निघालीस, लेक नांदते की नाही बघायला निघावं तशी, आणि मला सुट्टी होती म्हणून मीही आले. मंचरहून एसटीनं, पुढं भातखाचरांच्या कडेनं चालत. शेळी वाचली होती, पण उभी राहत नव्हती. घरच्या म्हातारीनं आम्हाला ओल्या उतारावरचं एक लुसलुशीत पान दाखवलं. म्हणाली, "आमच्या शेळ्या याला हुंगत बी नाहीत. तुमची आली तशी खात सुटली." त्या पानाचं नाव तुला माहीत नव्हतं, मलाही नाही. परतीच्या वाटेवर तू उतारावरची तसली पानं वाकून बघत चालली होतीस. मग म्हणालीस,

"माहेरचं शहाणपण सासरी चालत न्हाई, बाई. तिला तिच्या आईनं शिकिवलं, पर हितलं पान तिच्या आईनं तरी कुटं बघितलं व्हतं?"

मी ती संधी सोडली नाही. म्हटलं, "मग आक्का, फवाऱ्याचं काय? ते तर कुठल्याच शेळीच्या आईनं बघितलेलं नाही. ते सगळ्याच जनावरांचं सासर झालं."

तू थांबलीस. चिखलात पाय रुतवून माझ्याकडं बघितलंस. "हे खरं बोलल्या तुमी," म्हणालीस, "पर चंद्रीला वास येतो." तो वाद तिथंच अर्धा राहिला. तिला वास येतो का? कधीकधी येत असेल. प्रत्येक औषधाचा येत असेल का? आणि वासावरून ते विष आहे हे तिला कोण सांगणार? मला आजही माहीत नाही. पण दोन वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात चंद्री थांबली होती, एवढं आपल्या दोघींना माहीत आहे.

आता ते लिहिते.

टोमॅटोचा भाव पडला तेव्हा सुदामभाऊंनी फळं तोडायचीसुद्धा सोडून दिली आणि तुला बोलावलं, मेंढरं घाल म्हणून. सुदामभाऊ तुझ्याशी खोटं बोलले नाहीत. फवारा मारून चार दिवस झालेत, हे त्यांनी आपणहून सांगितलं आणि बाटलीही दिली. ती बाटली पदरात गुंडाळून तू शाळेच्या फाटकापाशी आलीस. मधली सुट्टी होती. पलीकडं रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्या संथपणे वळत होत्या.

"बाई, वाचा बरं. किती दिस थांबायचं लिवलंय?"

मी चष्मा लावून ती बारीक अक्षरं वाचली. फवारणीनंतर तीन दिवसांनी टोमॅटो तोडावेत, असं होतं. त्याच्याखाली आणखी एक ओळ होती. फवारलेल्या रानात जनावरं चारू नयेत. किती दिवस, ते नव्हतं. मी ती ओळ वाचली, आक्का. वाचली आणि मनात म्हटलं, असं सगळ्याच बाटल्यांवर छापतात. आणि तुला सांगितलं, "तीन दिवस पुरतात. चार झालेत. जाऊ दे."

तीन दिवस माणसासाठी होते. माणूस एखादं फळ घेतो, धुतो, चिरतो. मेंढी पाला खाते, पोटभर, धुतल्याशिवाय. हे मी मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवलं असतं. तुझ्यासमोर मला सुचलं नाही. सुचलं नाही हेही पूर्ण खरं नाही. घंटा झाली होती आणि मला वर्गावर जायचं होतं.

चंद्री त्या बांधावर थांबली. ती पानं हुंगून मागं फिरली. हे मला तूच नंतर सांगितलंस. जन्मभर तू शेळीचं ऐकलंस, आणि त्या एका दिवशी माझं. "म्हटलं, बाईंनी वाचलंय. ह्या म्हाताऱ्या शेळीला काय कळतंय. दिली ढकलून मेंढरं."

मी पोहोचले तेव्हा दुपार कलली होती. मेंढ्यांच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, पाय थरथरत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डॉक्टर मोटरसायकलवरून आले, इंजेक्शनं देत राहिले, बऱ्याच वाचल्या. अकरा गेल्या. तू एकेकीचं डोकं मांडीवर घेऊन नाव घेत होतीस. अकराही जणींना नावं होती, हे मला त्या दिवशी कळलं.

गावानं सुदामभाऊंना धरलं. विषारी रानात मेंढरं घालू दिली म्हणून. तेव्हापासून त्यांच्या वावरात कुणी मेंढरं बसवत नाही, पारावर ते आले की बोलणं थांबतं. तू प्रत्येकाला सांगत राहिलीस, "त्यानं खरं सांगितलं व्हतं. चूक माझी. चंद्री थांबली व्हती, म्या ढकललं." तू माझं नाव घेतलं नाहीस. आणि मी तुला त्या दुसऱ्या ओळीबद्दल सांगितलं नाही. म्हणजे तू स्वतःवर घेतलेली चूक मी दोन वर्षं तुझ्याकडंच राहू दिली. तू माझ्या ओट्यावर चहा प्यायचीस, बशीत ओतून, आणि मी समोर बसून ती चूक तुझ्याकडंच राहू द्यायचे.

हे तुला सांगायचं राहिलं. हेच.

पण तू रडत बसणारी नव्हतीस, आणि मीही आता बसणार नाही. आठ दिवसांत ते करायचं तेवढं करून झालं.

त्या अकरा गेल्यावर महिन्याभरात तू तुझं जुनं लाल लुगडं फाडलंस. पट्ट्या करून घरोघर गेलीस. "फवारा मारला की बांधाच्या कोपऱ्याला काठी रोवा, तिला ही बांधा. चिंधी हाय तवर मी मेंढरं घालीत न्हाई. पाऊस पडून गेला, पाला नवा फुटला, की तुमीच काढा." लोक हसले. कुणी म्हणालं, "आक्का, झेंडं लावून विलेक्शन लढिती काय?" तू म्हणालीस, "लढती. तू मत देतो का बोल." काहींनी बांधल्या, वाऱ्यानं गेल्या, पुन्हा कुणी बांधल्या नाहीत. तू मला म्हणालीस, ग्रामसभेत तुमी बोला, शिकल्या-सवरलेल्या हाय. मी म्हटलं, अर्ज लिहिते. सुरेख अर्ज लिहिला मी. शुद्ध, मुद्देसूद. तो कुठल्या फायलीत गेला, कुणाला ठाऊक.

आणि वर तुझ्याशी वाद घातला! म्हटलं, चिंधी मेंढपाळाला कळेल, मोराला कशी कळेल? सशाला, मधमाशीला? तू वैतागून म्हणालीस, "आधी माझ्या मेंढरांना तर कळू द्या. मोराचं मागनं तुमी बघा." खरं सांगू का आक्का, मोराचं मी ढाल म्हणून पुढं केलं होतं. सगळ्यांचं भलं होत नाही तोवर एकाचंही करायचं नाही, ही शिकलेल्या माणसाची सोयीची सबब असते. आणि मला भीती होती. चिंधीची गोष्ट सांगायला उभं राहिलं की बाटलीची गोष्ट सांगावी लागणार.

आज सकाळी मी सुदामभाऊंकडं गेले. परवा चारचौघांत सांगायच्या आधी त्यांना घरात सांगायला हवं होतं. ते गोठ्यात शेण काढत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, दुसऱ्या ओळीसकट. त्यांनी खोरं भिंतीला टेकवलं. माझ्याकडं न बघता म्हणाले,

"ती बाटली म्या अजून ठिवलीय. माळ्यावर. वाटायचं, एक दिस कुणाकडनं तरी वाचून घ्यावी. मंग वाटायचं, नगं. त्यात माझंच नाव निघायचं."

"तुमचं नाही निघत. माझं निघतं."

"दोन वर्सं, बाई."

"हो."

ते एवढंच म्हणाले आणि मी एवढंच. त्यांनी मला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण त्यांनी तसं म्हटलं नाही. मी फाटकापर्यंत आल्यावर मागून हाक आली. "परवा खरंच बोलणार का? का अर्ज देणार?"

आक्का, तू असतीस तर टाळी दिली असतीस त्यांना.

"बोलणार," मी म्हटलं.

"मंग बाटली घेऊन येतो. हातात धरून बोला. नुसत्या तोंडाचं लोक इसरत्यात."

घरी येऊन मी माझी एक लाल साडी काढली. चांगली, न विरलेली, म्हणजे वाऱ्यानं फाटणार नाही. पट्ट्या केल्या. आमच्या कांद्यावर यजमानांनी परवाच औषध मारलं आहे. गावाला सांगायच्या आधी आपला बांध. कोपऱ्यावर काठी रोवून मी गाठ मारत होते तेव्हा ते पंपाकडून आले.

"हे काय गं?"

"साळूआक्काचं."

ते काठीकडं बघत राहिले. मग वाकून गाठ ओढून बघितली, सोडली आणि स्वतः पक्की बांधली. "मागच्या वेळी असल्याच गाठीमुळं उडून गेल्या होत्या सगळ्या," म्हणाले, "दुसऱ्या कोपऱ्याला पण लाव. मेंढरं ओढ्याकडनं येतात."

संध्याकाळी म्हाळू कळप घेऊन त्याच वाटेनं गेला. मी त्याला चिंधी दाखवली, आणि तुझ्या रीतीनं चंद्रीला पुढं कसं सोडायचं, किती वेळ बघायचं, ते सांगितलं. तो म्हणाला, "पर बाई, मी तंबाखू खात न्हाई." मी म्हटलं, खाऊ नकोसच, मोबाइल खिशात ठेव आणि तेवढा वेळ नुसतं बघत राहा. चंद्रीला कळतं की नाही हा वाद मी हरले नाही आणि जिंकलेही नाही. ती तिच्या नाकानं बघेल, आपण चिंधीनं सांगू. दोन्ही पाहिजेत. एकावर सोडलं की काय होतं ते आपण पाहिलं आहे. मोराचं मी बघतेच आहे. ते काम मोठं आहे, पण आता ती माझी सबब नाही.

परवा नदीवर पिंडाला कावळा शिवायची सगळे वाट बघतील. काही राहिलं असेल तर सांगून टाका, असं कुणीतरी म्हणेलच. तुझ्या कावळ्याला मी तिष्ठत ठेवणार नाही. राहिलेलं मी आजच इथं लिहून टाकलं आहे.

भाषण फार लांबवणार नाही. तुझा जन्म कुठला, तू किती कष्ट केलेस, ते बाकीचे सांगतील. मी सुदामभाऊंच्या हातून बाटली घेईन. पहिलं वाक्य पाठ केलं आहे: "ही बाटली मी वाचली होती." मग दुसरी ओळ मोठ्यानं वाचेन, पदरातून लाल पट्ट्यांची जुडी काढून बाटलीशेजारी ठेवेन, आणि कोण पुढं येतं ते बघत एक तंबाखूभर थांबेन.